सामू सातच असतो, बाई

ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, शाळेत परत आलो, तेव्हा चारही गटांच्या वह्यांत सामूच्या (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणाऱ्या pH च्या) रकान्यात एकच आकडा होता. ७. चार ठिकाणचं पाणी, चार गट, आणि सगळीकडे सात. मी टेबलावरची एक परीक्षानळी उचलून खिडकीकडे धरली. वैश्विक दर्शकाचे थेंब टाकून तिला चांगला अर्धा तास झाला होता.

"हा रंग कुठला?"

"पिवळा."

"तक्त्यावर पिवळ्यासमोर काय लिहिलंय?"

"सहा."

"मग वहीत सात का?"

कुणी बोलेना. शेवटी वर्गाची मॉनिटर उभी राहिली. "बाई, पाण्याचा सामू सातच असतो. पुस्तकात आहे."

तिच्या आवाजात लबाडी अजिबात नव्हती. उलट मलाच पुस्तकातलं आठवत नाही की काय, अशी थोडी काळजी होती. आणि तिला दोष तरी कसा देणार? प्रयोगवही आम्हीच तशी लिहून घेतो. आधी निष्कर्ष फळ्यावर, मग निरीक्षण, आणि प्रयोग वेळ उरला तर. तिने नवव्या इयत्तेपर्यंत शिकलेलं तंतोतंत पाळलं होतं.

आमची शाळा संगमेश्वर तालुक्यात आहे. शाळेच्या मागून पऱ्या वाहतो. वरच्या देवाच्या राईतून निघतो, तीन वाड्यांना वळसा घालून बाजारपेठेच्या मोरीखालून जातो आणि पुढे शास्त्री नदीला मिळतो. शास्त्री जाते जयगडला, समुद्रात. मी मूळची साताऱ्याकडची. पहिल्या पावसाळ्यात पऱ्याचा आवाज ऐकून रात्री झोप लागायची नाही, आणि मे महिन्यात त्याच पऱ्यातून चप्पल न भिजवता पलीकडे जाता यायचं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात उन्हाळ्यात हंडे घेऊन रांगा लागतात, हे पचायला मला दोन वर्षं लागली.

हा सगळा खटाटोप सुरू झाला तो वैतागातून. दरवर्षी तालुका विज्ञान प्रदर्शनात आम्ही तेच नेतो: थर्माकोलचा जलशुद्धीकरण प्रकल्प, खायच्या सोड्याचा ज्वालामुखी. आदल्या वर्षी दोन मुलींनी पऱ्याच्या पाण्याचं तापमान महिनाभर मोजून आलेख काढला होता. परीक्षकांनी विचारलं, "मॉडेल कुठाय?" मॉडेल नव्हतं. मुली परत येताना एसटीत गप्प बसून होत्या. मी मनात म्हटलं, आता वर्षभर मोजू आणि प्रदर्शनाला जाऊच नये.

मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, पण त्यांचा पहिला प्रश्न रास्त होता: "पोर पाण्यात गेलं तर?" म्हणून जून ते सप्टेंबर पऱ्यात उतरायचं नाही असं ठरलं. गणपती झाल्यावर सुरुवात, महिन्यातून एक शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर. घोट्याच्या वर पाणी असेल तिथे फक्त मोठ्या माणसाने उतरायचं, सोबत दोर, आणि आदल्या रात्री वरच्या अंगाला पाऊस झाला असेल तर फेरी रद्द. पालकांची संमतीपत्रं घेतली. एका आजोबांनी सहीऐवजी अंगठा देऊन वर निरोप पाठवला की आमचा पोरगा वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात चढणारे, मासे धरायला रात्री पऱ्यात उतरतो तेव्हा कोण परवानगी विचारतं?

साहित्य जमवताना ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाची फार मदत झाली. गावच्या विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकणं, नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची ओटी टेस्ट घेणं, नमुने तालुक्याला पाठवणं ही त्याची कामं. त्याच्याकडे फील्ड टेस्ट किट होतं आणि जीवाणू तपासायच्या एचटूएसच्या छोट्या बाटल्याही. ऑक्सिजन मोजायची रसायनं आणि ३०० मिलिलीटरच्या काचेच्या बाटल्या रत्नागिरीच्या एका कॉलेजातून उसन्या आणल्या. गढूळपणा मोजायची नळी आम्हीच केली: पाट्या बनवणाऱ्याकडून आणलेली पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची नळी, तळाला बूच, बुचावर काळी-पांढरी फुली. पाणी ओतत जायचं आणि फुली दिसेनाशी झाली की उंची वाचायची. ऑक्टोबरमध्ये साठ सेंटिमीटरची नळी काठोकाठ भरली तरी फुली लख्ख दिसत होती.

चार जागा मुलांनीच ठरवल्या. पहिली राईच्या खाली, दुसरी साकवाजवळ (ओढ्यावरच्या लहान पुलाजवळ), तिसरी धुण्याच्या कातळापाशी आणि चौथी पेठेच्या मोरीखाली. गटांची नावंही त्यांचीच, पऱ्यातल्या मासे-खेकड्यांवरून: मळ्ये, झिंगे, किरवे आणि डाकू. डाकू हा मासाच आहे, हे मला देशावरच्या बाईला समजावून सांगावं लागलं.

पहिल्या फेरीत प्रवाह मोजताना घोळ झाला. दहा मीटर अंतर आखायचं, काहीतरी तरंगतं सोडायचं आणि सेकंद मोजायचे. रुंदी गुणिले सरासरी खोली गुणिले वेग, आणि तळाशी पाणी संथ असतं म्हणून उत्तराला ०.८५ ने गुणायचं. तरंगायला मी लिंबं नेली होती. पिवळी, दिसायला सोपी, पाण्यात बऱ्यापैकी बुडून राहणारी, म्हणून वाऱ्याने भरकटत नाहीत. झिंगे गटाच्या हातून दोन लिंबं निसटली आणि थेट धुण्याच्या कातळापर्यंत गेली. तिथे चार बायका कपडे आपटत होत्या. शनिवार, भर दुपार आणि वरून वाहत आलेली लिंबं! एकीने धुणं तसंच टाकलं.

"लिंबू कोनी सोडलान गो?" वरच्या आळीतल्या एक आजी कमरेवर हात ठेवून विचारत होत्या.

मी पुढे होऊन वेग, अंतर, सेकंद असं काहीतरी सांगायला लागले. आजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "ता समदा बरा. पन लिंबूच कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर आम्ही औषधाची रिकामी बाटली अर्धी पाण्याने भरून सोडू लागलो. आकड्यात फरक पडला नाही.

तर त्या सातांकडे परत येते. मी सगळ्यांना वह्या बंद करायला लावल्या आणि विचारलं, अंगाचा साबण इथे लवकर निघतो का? नाही, कितीही पाणी घेतलं तरी बुळबुळीत लागतं. माझ्या माहेरी उलट आहे. साबणाला फेस येत नाही आणि पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरा थर चढतो. तिकडे काळा कातळ, इकडे जांभा. जांभ्यातला चुना लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन नेलाय. पावसाचं पाणी मुळातच थोडं आम्लधर्मी, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. स्वच्छ हवेतल्या पावसाचाही सामू ५.६ च्या आसपास असतो. ते पाणी जांभ्यातून झिरपून पऱ्यात उतरतं आणि वाटेत ती आम्लता मारायला फारसं काही भेटत नाही. पुस्तकातला सात हा शुद्ध पाण्याचा आहे. आपल्या पऱ्याचा सहा आहे.

"म्हणजे आपलं पाणी खराब?" मॉनिटरने विचारलं.

खराब नाही, आपलं आहे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ६.५ ते ८.५ म्हणतं, हे मी सांगितलं आणि वर्गात चांगलीच गडबड उडाली. त्या दिवशी एक नियम झाला. या वहीत खोडरबर चालणार नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण.

हा नियम पुढे मलाच जड जाणार होता.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या फेऱ्या मजेत गेल्या. मुलं पांढऱ्या ताटात दगडाखालचे किडे झटकून मोजत. राईखाली तीन शेपट्यांच्या चपळ अळ्या आणि वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर करणाऱ्या अळ्या मिळाल्या. या दोघींना भरपूर ऑक्सिजन लागतो. मोरीखाली त्या मिळाल्या नाहीत. तिथे रक्तासारख्या लाल अळ्या होत्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे कमी ऑक्सिजनमध्येही त्या तग धरतात. हे कळल्यावर "बाई, आपल्यासारखं रक्त?" म्हणून सगळा किरवे गट त्या ताटावर ओणवा झाला.

एचटूएसच्या बाटल्यांना ऊब लागते, म्हणून डिसेंबरात मी त्या घरी नेऊन चुलीशेजारच्या फडताळात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सासूबाई एक बाटली चिमटीत धरून अंगणात आल्या. "हे काय काळं गो? शाईबिई सांडेल माझ्या मिठात." चारांपैकी तीन बाटल्या काळ्या झाल्या होत्या. त्यातली एक राईखालची होती, आणि ते सांगितल्यावर सासूबाईंचा चेहरा पडला. राईचं पाणी देवाचं. लहानपणापासून ओंजळीने प्यायलेलं. बाटली काळी झाली म्हणजे विष्ठेतून येणारे जीवाणू असण्याची दाट शक्यता, एवढंच ती सांगते. ते गुरांचे की रानडुकरांचे की माणसांचे, हे ती सांगत नाही. मी तसं म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या बाटलीला तरी काय कळतं?" तो प्रश्न मी सोमवारी वर्गात जसाच्या तसा विचारला आणि पूर्ण तास त्यात गेला.

आता फेब्रुवारी. दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेमुळे सकाळी प्रयोगशाळा मोकळी नव्हती, म्हणून आम्ही दुपारी चारला गेलो. विंक्लर पद्धतीने ऑक्सिजन मोजणं हे माझं सगळ्यांत आवडतं काम. बुडबुडा न शिरू देता बाटली पाण्याखाली भरायची. मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कलीतलं आयोडाइड. ऑक्सिजन असेल तर चॉकलेटी साका खाली बसतो. मग सल्फ्युरिक आम्ल. ते मीच घालते, मुलं दोन पावलं मागे. साका विरघळून पाणी कोऱ्या चहासारखं सोनेरी होतं. ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडत फिकट होऊ द्यायचं, दोन थेंब स्टार्च, गडद निळं, आणि मग थेंब-थेंब. एका थेंबाला निळं असतं, पुढच्या थेंबाला नसतं. आमच्या मापात थायोसल्फेटचा एक मिलिलीटर म्हणजे लीटरमागे एक मिलिग्रॅम ऑक्सिजन, त्यामुळे गुणाकार-भागाकाराची कटकट नाही.

धुण्याच्या कातळाच्या डोहाचं उत्तर आलं ११.२.

पाण्याचं तापमान २७ अंश होतं. त्या तापमानाला हवेतून पाण्यात ऑक्सिजन मावतो तो जेमतेम आठ. मोजणाऱ्या दोघी मुलींना मी पुन्हा करायला लावलं. ११.०. मी म्हटलं, बाटली भरताना हवा शिरली असणार, खोडा. त्यांनी एक आडवी रेघ मारली आणि शेजारी माझ्याच शब्दांत कारण लिहिलं: बुडबुडा शिरला.

बुडबुडा कुणी पाहिला होता? कुणीच नाही. मीही नाही. माझ्या डोक्यात आठ होता, जसा ऑक्टोबरात त्यांच्या डोक्यात सात होता.

रात्री भांडी घासताना डोळ्यांसमोर तो डोह आला. प्रवाह मंदावलेला, कातळावर हिरवंगार शेवाळ आणि शेवाळावर दाट चिकटलेले चंदेरी बुडबुडे. धुण्याच्या साबणाच्या फॉस्फेटवर किंवा शेतातून उतरलेल्या खतावर पोसलेलं शेवाळ दिवसभर उन्हात ऑक्सिजन करत होतं. पाण्यात मावत होता त्याहून जास्त. आणि रात्री तेच शेवाळ तो ऑक्सिजन वापरणार. पुढच्या शनिवारी मी त्या दोघींना आणि त्यांच्या पालकांना घेऊन सकाळी साडेसहाला डोहावर गेले. उत्तर आलं ४.१. दुपारी चारला परत गेलो, १०.८. सोमवारी वर्गासमोर त्या रेघेशेजारी मी लिहिलं: "खोडणं चूक. बाईंनी न बघता कारण दिलं." आणि सही केली. मुलं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं.

मार्च संपता संपता प्रवाह थांबला. पऱ्याच्या कोंडी, म्हणजे सुटी डबकी झाली, एकीचा दुसरीशी संबंध नाही. मोरीखालच्या कोंडीत पेठेचं गटार मात्र येतच होतं: खानावळीचं उष्टं, न्हाणीघरांचं पाणी, कुणीतरी टाकलेली कोंबड्यांची पिसं. एप्रिलच्या फेरीत डाकू गटाने तिथली बाटली भरली, मी रसायनं घातली आणि साका पांढरा बसला. दुधासारखा पांढरा.

"फसला," एक मुलगा म्हणाला. "बाई, औषधं संपली वाटतं."

शंका बरोबर होती. आम्ही त्याच रसायनांनी राईखालच्या पाण्याची बाटली केली, चॉकलेटी साका. रसायनं ठीक होती. मोरीखाली पुन्हा भरली, पांढरा. तिसऱ्यांदा मी स्वतः भरली, नाक मुठीत धरून, कारण तळाचा काळा गाळ हलला की सडक्या अंड्याचा वास उठत होता. पुन्हा पांढरा. आम्ल घातलं तर पाणी नितळ झालं. ना सोनेरी, ना स्टार्चने निळं. ब्युरेट भरून तयार होती आणि सोडायला काहीच नव्हतं.

फेब्रुवारीत जिने रेघ मारली होती तीच मुलगी पेन घेऊन माझ्याकडे बघत होती. "बाई, हे खोडायचं का?"

"काय दिसलं?"

"पांढरा."

"मग तेच लिही. आणि आकडा?"

तिने ० लिहिलं. त्याभोवती गोल काढायला गेली आणि थांबली, कारण शून्याभोवती गोल विचित्र दिसत होता.

१ मेच्या ग्रामसभेत आम्हाला दहा मिनिटं मिळाली. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी तक्ता पाहून मला बाजूला घेतलं. शून्याऐवजी "कमी" लिहिलं तर? लोक अंगावर येतात. मी काही बोलायच्या आत मॉनिटर म्हणाली, "सर, कमी म्हणजे किती?" सरांनी तक्ता परत दिला.

सादरीकरण मात्र फसलं. मुलांनी पाठांतरासारखे आकडे धडाधड म्हणून टाकले. डीओ (विरघळलेला ऑक्सिजन), मिलिग्रॅम, सामू. सभा चुळबुळत होती. एक दुकानदार म्हणाले, पोरांना अभ्यास नाही काय? दुसरे म्हणाले, गावाला हिरवं कार्ड मिळालंय, मग पाणी वाईट कसं? तेव्हा मागे उभा असलेला जलसुरक्षक पुढे आला. हिरवं कार्ड पिण्याच्या पाण्याचं, विहिरीचं आणि टाकीचं; पऱ्याला कुणी कार्ड देत नाही. तरी चुळबूळ थांबेना. मग ते अंगठा देणारे आजोबा बसल्या जागेवरून म्हणाले, "शून्य म्हंजे मळ्या जगायचा नाय त्यात. गेल्या साली मोरीखाली मासळी उलटी पडली, ती काय सुरुंगान नव्हती." गेल्या साली तिथे कुणी सुरुंग लावल्याचा आळ घेऊन दोन घरांत बोलणं बंद झालं होतं, हे मला तेव्हा कळलं. सभा पहिल्यांदा शांत झाली.

ती मासळी ऑक्सिजनअभावीच मेली होती का? मुलांना मी सांगितलं की हे आपण म्हणू शकत नाही. गेल्या वर्षीची बाटली आपण भरलेली नाही. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. गावात आपल्यामुळे दोन घरं बोलायला लागतील आणि बाई म्हणतात पुरावा नाही!

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून पेठेत दोन शोषखड्डे घ्यायचं ठरलं. एक पावसाआधी झाला, खानावळीच्या मागे. दुसरा अजून "प्रस्तावित" आहे. कोंबड्यांची पिसं कोण टाकतं हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि ठरावात त्याचा उल्लेख नाही.

जूनच्या मध्यावर शाळा भरली तेव्हा पऱ्या दुथडी होता. उतरायचं नाही, हा नियम होताच, म्हणून साकवावरून आणि मोरीच्या कठड्यावरून दोरीला बाटली बांधून पाणी काढलं. गढूळपणाच्या नळीत चार सेंटिमीटरलाच फुली गेली. खाली पाण्यात उड्या दिसत होत्या, मासे चढणीला लागले होते. अर्धा वर्ग तिकडेच बघत होता. मोरीचा साका चॉकलेटी बसला आणि उत्तर आलं ६.९. मी मनात शोषखड्ड्याला श्रेय देऊन मोकळी झाले होते. ग्रामपंचायतीला फोटो पाठवायचा, म्हणून वही मागून घेतली. शेऱ्याच्या रकान्यात आधीच लिहिलेलं होतं, शाई अजून ओली: "पाऊस पडला म्हणून. शोषखड्ड्यामुळे की नाही ते एप्रिलमध्ये कळेल."